एका आवाजाच्या दोघी

भालखेड्याच्या रक्तपेढीत हेमांगी नेहेते चौदा वर्षं एकच काम करत होती. रक्त लागलं की दात्याला फोन लावायचा. कुणाचा गट कोणता, कोण लगेच येतो, कुणाला दोनदा विनवावं लागतं, हे तिला यादी न बघता सांगता येई. गावातले निम्मे लोक तिला चेहऱ्याने ओळखत नसत, पण फोनवर तिने "नमस्कार" म्हटलं की "बोला हेमाताई, कुठे येऊ?" असं विचारत.

त्या सोमवारी अकराच्या सुमारास प्रसूतिगृहातून निरोप आला. योगिता कोळी, वय चोवीस, पहिलं बाळंतपण. बाळ सुखरूप, पण आईचा रक्तस्राव थांबत नाही. गट बी निगेटिव्ह. पेढीत एकच पिशवी होती, ती लगेच रवाना झाली. हेमाने वारके सरांना फोन लावला. ते हायस्कूलला गणित शिकवत आणि वर्षातून दोनदा न चुकता रक्त देत.

"वारके सर, नमस्कार. रक्तपेढीतून हेमांगी बोलतेय. बी निगेटिव्हची फार तातडीची..."

मध्येच टिक् असा आवाज झाला आणि एक कोरडा पुरुषी आवाज बोलू लागला. "सावधान. या फोनवरचा आवाज ही एका नोंदणीकृत उमेदवाराच्या आवाजाची नक्कल आहे. निवडणूक नियमांनुसार हा संवाद थांबवण्यात येत आहे."

फोन बंद झाला.

तिने पुन्हा लावला. पुन्हा तेच. दुसऱ्या दात्याला लावला, तिसऱ्याला लावला. दर वेळी तिचं नाव सांगून होईस्तोवर तो पुरुष मध्ये पडे. शेवटी ती पेढीचे प्रमुख डॉक्टर खाचणे यांच्या खोलीत धावत गेली. त्यांनी आपल्या फोनवरून सरांना गाठलं, तेव्हा सर तापले होते.

"डॉक्टर, आत्ताच रक्तपेढीच्या नावाने खोटा फोन येऊन गेला. मी तक्रारही केलीय. आता तुम्ही तरी खरे कशावरून?"

तोवर गावातल्या ग्रुपांवर इशारा फिरला होता, की रक्तपेढीच्या नावाने खोटे फोन येत आहेत, कुणीही जाऊ नये. कुणीही आलं नाही. जिल्ह्याच्या गावाहून रक्त पोचायला अडीच वाजले. योगिता वाचली, पण तिला वाचवण्यासाठी डॉक्टरांना गर्भाशय काढून टाकावं लागलं.

दुसऱ्या दिवशी हेमाच्या हातात निवडणूक कार्यालयाची नोटीस पडली.

*

तो कायदा वाईट हेतूने आलेला नव्हता. तीन वर्षांपूर्वी मतदानाच्या दोन दिवस आधी एका शहरात उमेदवाराच्या तोंडची एक शिवी ऐकवणारी फीत पसरली. दंगल झाली, दोन माणसं मेली, बाजारपेठेची एक अख्खी रांग जळाली. मतमोजणी होऊन गेल्यावर कळलं की उमेदवार तसं कधी बोललाच नव्हता. यंत्र बोललं होतं. त्यानंतर लोकांनीच मोर्चे काढून कायदा मागितला, आणि फसव्या प्रचारसाहित्याच्या नियमनाचा कायदा झाला.

त्याचा मुख्य आधार होता ध्वनिद्वार. माणसाच्या घशातले स्वरतंतू थरथरतात तेव्हा निघणारा मूळ नाद साधारण सारखाच असतो. त्याच्या वर घसा, टाळू, नाक आणि जबडा मिळून एक वाकडीतिकडी नळी असते. ही नळी त्या नादातल्या काही लहरी उचलून धरते, काही दाबते. नळीची लांबी आणि वळणं प्रत्येकाची वेगळी, म्हणून आवाज वेगळा. ध्वनिद्वार आवाजातले हे चढउतार मोजून त्यांचे पाचशे बारा आकडे करतं. उमेदवाराने अर्ज भरताना आपल्या आवाजाची नोंद द्यायची आणि आपली उपकरणं जाहीर करायची. त्यानंतर मतमोजणीपर्यंत त्या मतदारसंघातला प्रत्येक फोन, प्रत्येक ध्वनिफीत आणि प्रत्येक लाउडस्पीकर ध्वनिद्वारातून जातो. उमेदवाराचा आवाज त्याच्या जाहीर उपकरणाखेरीज कुठूनही आला, की तीन सेकंदांत तोडला जातो. भालखेड्यात हे त्या सोमवारी सकाळीच सुरू झालं होतं.

तीन सेकंदांत तोडायचं म्हणजे कुणाला विचारायला वेळ नसतो. विचारायचं ते नंतर.

*

निवडणूक निर्णय अधिकारी मुनाफ तडवी यांनी हेमाला बसायला सांगितलं आणि संगणक तिच्याकडे वळवला. बाजार जळाला त्यात त्यांच्या मेव्हण्याचं दुकान होतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. हा कायदा त्यांना मनापासून पटलेला होता.

"तुमचा आवाज नगराध्यक्षपदाच्या उमेदवार चारुलता बोंडे यांच्या नोंदीशी जुळतोय."

"त्या माझ्या सख्ख्या मोठ्या बहीण आहेत, साहेब. लहानपणी फोनवर आईसुद्धा फसायची."

"बहिणींचं मला माहितीय. बहिणी शंभरात सत्तर-पंचाहत्तरपर्यंत येतात. ध्वनिद्वार त्यांना सोडतं. जुळ्या नव्वदपर्यंत जातात." त्यांनी आकड्यावर बोट ठेवलं. "तुमचे नव्याण्णव आहेत, ताई. इतकं जुळणारी दोन माणसं नसतात. एक माणूस असतो आणि एक नक्कल असते."

हेमा आकड्याकडे बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं, आणि तिने तोंड मिटलं.

दोन वर्षांपूर्वी चारुलताच्या गळ्यात गाठ निघाली होती. शस्त्रक्रियेत गाठीबरोबर स्वरतंतूंच्या नसाही गेल्या. जीव वाचला, पण आवाज म्हणून एक फाटकी फुसफुस उरली. तेव्हा रुग्णालयाने तिला कंठपट्टी दिली. माणूस बोलू पाहतो तेव्हा आवाज निघो न निघो, जिभेला आणि गळ्याच्या स्नायूंना मेंदूचे हुकूम जातच असतात. पट्टी ते हुकूम कातडीवरून टिपते, त्यावरून शब्द ओळखते आणि छोट्या स्पीकरमधून उच्चारते. मात्र उच्चारायला तिला कुणाचा तरी आवाज लागतो. चारुलताची जुनी ध्वनिमुद्रणं सगळी सभांमधली, गोंगाटाची. त्यांचा उपयोग होईना. तेव्हा हेमाने रजा काढली आणि रुग्णालयाच्या बंद खोलीत बसून पंधरा दिवस मोठ्याने वाचन केलं. वर्तमानपत्रं, पाककृती, जुने दिवाळी अंक. चाळीस तासांचा आवाज तिने बहिणीला दिला. दोघी आधीच सारख्या बोलायच्या, त्यामुळे बाहेर कुणाला फरक कळला नाही. ताई बरी झाली, एवढंच लोकांना कळलं.

आणि ताईने अर्ज भरताना तोच आवाज आपला म्हणून नोंदवला होता.

"काही सांगायचंय का?" तडवींनी विचारलं.

"उद्या सांगते," हेमा म्हणाली.

*

चारुलताच्या बंगल्यात दिवाणखानाभर कार्यकर्ते होते. हेमाला बघून ती आतल्या खोलीत आली. गळ्याभोवती रेशमी रुमाल, त्याच्या आत पट्टी.

"बस," ती म्हणाली. स्वतःचा आवाज समोरून ऐकायची हेमाला दोन वर्षांत सवय झाली होती. आज मात्र ती बसली नाही.

"अर्जात आवाज कुणाचा म्हणून लिहिलास, ताई?"

"माझा."

"तो माझा आहे."

"दिलास ना मला? दिलेली साडी नेसताना मी रोज सांगत बसू का, कुणी दिली म्हणून?"

"साडी दिली तर मी दुसरी नेसते. आवाज दुसरा कुठून आणू?" हेमा उभीच होती. "काल एका पोरीचं गर्भाशय काढलं. चोवीस वर्षांची आहे. मी फोन करत होते आणि माझा फोन तुझ्या नावाने तुटत होता."

"कळलं मला. वाईट झालं. पण ते कायद्याने केलं, मी नाही."

"मग एक ओळ लिहून दे तडवी साहेबांना. मूळ आवाज बहिणीचा आहे, एवढीच. ते दोघींची नोंद करतील, आणि संपेल."

"संपेल ना, मीच संपेन." चारुलताचे ओठ थरथरले, पण पट्टीतून आवाज आला तो सपाट आणि स्वच्छ. "उद्या समोरचे म्हणतील, बाई उसन्या गळ्याने मतं मागते. फसवं साहित्य म्हणून मलाच धरतील. तू पेढीत बसून फोन केलेस, हेमे. मी चार महिने त्या खाटेवर काढले. मी बोलायला लागले की लोक मान फिरवायचे. माझ्याच कार्यकर्त्यांनी माझ्या फुसफुशीची नक्कल केलेली मी ऐकलीय. पुन्हा तिथे जाणार नाही मी. मतमोजणीपर्यंत अठरा दिवस गप्प राहा. कुणी तरी दुसरं करेल फोन."

"दुसऱ्याने फोन केला तर दाते येत नाहीत. ते माझ्या आवाजावर येतात."

"तेच तर. माझेही मतदार आवाजावर येतात."

"कुणाच्या?" हेमा ओरडली. "कुणाच्या आवाजावर येतात, सांग ना!"

"हळू बोल!" चारुलताही ओरडली.

दार उघडून एक कार्यकर्ता डोकावला. "ताई, हाक मारलीत?" त्याने एकीकडे बघितलं, मग दुसरीकडे. कोण ओरडलं ते त्याला कळेना. चारुलताने हाताने त्याला घालवून दिलं.

"तू तडवींकडे गेलीस," ती दार लागल्यावर म्हणाली, "तर मी सांगेन, माझा आवाज तू चोरलास. मला बदनाम करायला खोटे फोन केलेस. ऐकतेयस ना? नोंद माझी आहे. यंत्र माझ्या बाजूने बोलेल."

हेमाने तिच्या गळ्यातल्या रुमालाकडे बघितलं. "तुला ते पंधरा दिवस आठवतात का गं? घसा बसायचा तेव्हा तू खुणा करून करून माझ्यासाठी हळदीचं दूध मागवायचीस."

चारुलताने रुमाल नीट केला. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. ती उठली आणि प्रचाराला निघून गेली.

*

हेमा तडवींकडे गेली. तिने सगळं लेखी दिलं.

चौथ्या दिवशी सुनावणी झाली. चारुलताने वकील आणला होता. वकिलाने सांगितलं की कंठपट्टीची नोंद दिव्यांगांच्या सवलतीखाली रीतसर झालेली आहे, तिच्यातला आवाज त्यांच्या अशिलाच्या जुन्या मुद्रणांवरून बनवलेला आहे, आणि मत्सरापोटी धाकट्या बहिणीने तो मिळवून गैरवापर केलेला आहे. रुग्णालयाने कळवलं की रुग्णाची माहिती न्यायालयाच्या आदेशाशिवाय देता येत नाही. रक्तपेढीचे फोन ध्वनिमुद्रित होत, पण नव्वद दिवसांनी पुसले जात. राहिलेल्या मुद्रणांवर वकील म्हणाला, नव्वद दिवसांपूर्वीच चोरी झाली असेल.

हेमा उभी राहिली. "साहेब, माझा गळा बघा. काही बांधलेलं नाही. मी बोलतेय ते तुम्हाला ऐकू येतंय. त्यांना फक्त पट्टी काढून बोलायला सांगा."

"अशिलाच्या आजाराची अशी जाहीर विटंबना करता येणार नाही," वकील म्हणाला. "आणि कायद्यात तशी चाचणीही नाही."

तडवींनी कागद पुन्हा चाळले. मग त्यांनी चष्मा काढला. "मला दिसतंय, ताई," ते हेमाला म्हणाले. "अगदी स्पष्ट दिसतंय. पण नोंद आधी कुणाची, एवढंच मला तपासायचा अधिकार आहे. आवाज गळ्यातून आला की पेटीतून, हे लिहायला या नमुन्यात रकानाच नाही. ज्यांनी तो केला त्यांना वाटलंच नाही, की कधी माणूस खोटा ठरेल आणि पेटी खरी."

"मग तुमच्या डोळ्यांचा उपयोग काय?"

तडवींनी चष्मा पुन्हा लावला. त्यांनी आदेश लिहिला. मतमोजणीपर्यंत हेमांगी नेहेते यांनी कोणत्याही यंत्रावर अथवा सार्वजनिक जागी बोलू नये. उल्लंघन केल्यास अटक.

बाहेरच्या पायऱ्यांवर चारुलता तिच्याजवळून गेली. एकीनेही दुसरीकडे बघितलं नाही.

*

रक्तपेढीने तिला घरी बसायला सांगितलं. बाजारात भाजी घेताना ती बोटाने दाखवून घेई, आणि भाजीवाल्या एकमेकींत कुजबुजत, "हीच ती, बहिणीचा आवाज चोरणारी." कुणी तरी तिच्या फाटकावर खडूने 'नक्कल' असं लिहून गेलं. तिने ते पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलेलं होतं.

पाचव्या दिवशी तिने कपाटातली जुनी फाईल काढली. आवाजदानाचं संमतिपत्र तिने दोन वर्षांपूर्वी न वाचताच सही करून दिलं होतं. आता तिने ते ओळ न् ओळ वाचलं. आवाज कुणाला दिला त्याचं नाव त्यात कुठेच नव्हतं, म्हणून पुरावा म्हणून ते कामाचं नव्हतं. नववं कलम असं होतं, की दात्याला कोणत्याही क्षणी, कोणतंही कारण न देता संमती मागे घेता येईल आणि चोवीस तासांत उपकरणातून दात्याचा आवाज काढला जाईल.

ती पत्र घेऊन डॉक्टर खाचण्यांच्या घरी गेली. डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं.

"हेमा, याने तुझी बंदी उठणार नाही. आदेश मतमोजणीपर्यंत आहेच."

तिने मान हलवली. तिला ते माहीत होतं.

"म्हणजे तुझा काही फायदा नाही. फक्त तिचं नुकसान. कॅन्सरमधून उठलेल्या बाईचा आवाज काढून घेतेयस तू, लक्षात येतंय ना?"

"माझाच काढून घेतेय," हेमा म्हणाली. पाच दिवसांत ती पहिल्यांदा बोलली होती. आपल्या बोलण्यातला कडवटपणा तिला स्वतःला ऐकू आला, आणि तरी तिने डॉक्टरांच्या टेबलावरच सही केली.

पत्र रुग्णालयात पोचलं त्या संध्याकाळी चारुलताच्या ड्रायव्हरने एक चिठ्ठी आणून दिली. चिठ्ठीत एकच वाक्य होतं. 'शेवटची सभा होऊ दे, मग काय करायचं ते कर.' हेमाने चिठ्ठीच्या मागे लिहिलं, 'एक ओळ तडवी साहेबांना दे,' आणि ती परत पाठवली. उत्तर आलं नाही.

शेवटची सभा शनिवारी पाच वाजता बाजार चौकात झाली. हेमा घरीच होती. तिला सगळं नंतर कळलं. चारुलता बोलायला उभी राहिली तेव्हा पट्टीत कारखान्यातला मूळ आवाज आलेला होता. रंग नाही, वय नाही, लिफ्टमध्ये मजला सांगणाऱ्या बाईसारखा. "माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो" एवढं झालं, आणि लाउडस्पीकर तुटला. जाहीर केलेल्या उपकरणातून भलताच आवाज येतोय, म्हणून ध्वनिद्वाराने उमेदवारालाच नक्कल ठरवलं होतं. लोक आधी गप्प झाले, मग कुणी तरी हसलं, मग शिट्ट्या सुरू झाल्या. चारुलता तीन मिनिटं हात जोडून नुसती उभी राहिली. तिच्या नवऱ्याने माइक घेतला आणि सांगितलं की एका रुग्ण बाईचा गळा तिच्याच सख्ख्या बहिणीने दाबला आहे.

ते वाक्य चाललं. चारुलता बोंडे दोनशे बारा मतांनी नगराध्यक्ष झाल्या.

*

मतमोजणीच्या दिवशी बंदी उठली. तडवी स्वतः हेमाच्या घरी आदेशाची प्रत द्यायला आले. "मी वर लिहिलंय," ते म्हणाले. "रकाना हवा म्हणून. चार पानं लिहिलीत." ती फक्त "बरं" म्हणाली. त्यांनी पाणी मागितलं, प्यायले आणि गेले.

त्यानंतर तीन दिवसांनी, दुपारी, चारुलता आली. सोबत कुणी नव्हतं. गळ्यात रुमाल नव्हता आणि पट्टीही नव्हती. शस्त्रक्रियेचा व्रण हेमाने दोन वर्षांत पहिल्यांदा उघडा बघितला.

"आत येऊ?" चारुलताने विचारलं. वाळल्या पानांवरून पाय ओढत चालावं तसा आवाज होता.

"तिथूनच बोल."

"सोमवारी पहिली सर्वसाधारण सभा आहे." प्रत्येक दोन-तीन शब्दांनंतर तिला श्वास घ्यावा लागत होता. "पाण्याचा ठराव मला वाचायचाय. तो लिफ्टवाल्या बाईचा आवाज मला नको. परत दे ना गं. लेखी देते. तुझं नाव घालते. सगळ्यांना सांगते."

"हे त्या अठरा दिवसांआधी सांगायचं होतंस."

"तेव्हा हरले असते."

"आणि आता जिंकलीस म्हणून सांगतेस."

"हो," चारुलता म्हणाली. ती खोटं बोलली नाही, हे हेमाला जाणवलं. पण त्याने तिचा राग कमी झाला नाही, उलट वाढला.

"त्या योगिताला भेटलीस?"

"माणूस पाठवला होता. मदत द्यायला."

"तू भेटलीस का?"

चारुलताने मान खाली घातली. मग म्हणाली, "तुला वाटतं तू फार चांगली आहेस. डॉक्टर खाचणे म्हणाले मला. तुला ठाऊक होतं, तुझा काही फायदा नाही. निव्वळ मला चौकात उभं करायला तू सही केलीस. लोक शिट्ट्या मारत होते, हेमे."

"हो. त्यासाठीच केली."

चारुलताने फाटकाकडे बघितलं. फाटकावरच्या खडूचा पांढरा डाग अजून नीट गेला नव्हता.

"मग देणार नाहीस?"

"नाही."

"मी काय करू? मुकी राहू का सभेत?"

"मुकी कुठे आहेस?" हेमा म्हणाली. "दहा मिनिटं भांडतेयस माझ्याशी. मला सगळं कळलं."

आणि तिने दार लावून घेतलं.

सोमवारच्या सभेची हकीकत तडवींनी डॉक्टर खाचण्यांना सांगितली आणि डॉक्टरांनी हेमाला. नगराध्यक्षांनी पट्टी न घालता ठराव वाचला. मागच्या बाकांवरून आवाज आला, "ऐकू येत नाही." माइकवाल्याने बटण शेवटपर्यंत फिरवलं. पुन्हा ओरड झाली. चारुलता पेल्यातलं पाणी प्यायली, तिने नजर पहिल्या ओळीवर आणली आणि सगळा ठराव पुन्हा वाचला. या वेळी सभागृहातला पंखा कुणी तरी बंद केला होता.

हेमाने ऐकून घेतलं. दोघी त्यानंतर एकमेकींशी बोललेल्या नाहीत.